अक्काचा पानमळा आणि रंगाचं पाणी

आमच्या घरात एक नियम होता. कापड रंगवून झाल्यावर कढईत उरलेलं पाणी रस्त्यावर ओतायचं नाही, गटारात सोडायचं नाही. ते पाटानं मागच्या मळ्यात द्यायचं. वडील म्हणायचे, रंग जमिनीतून येतो, त्याचं पाणी जमिनीलाच परत गेलं पाहिजे. मंजिष्ठ म्हणजे मूळ, नीळ म्हणजे पाला, हिरडा आणि डाळिंबाची साल म्हणजे फळ, सगळं मातीतलंच. आम्ही रंगारी. किती पिढ्यांपासून म्हैसुरात आहोत ते कुणालाच धड सांगता येत नसे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, एवढं मात्र पक्कं. शहराच्या दक्षिण अंगाला, नंजनगूडचा रस्ता सुरू होतो तिथं आमच्या भट्ट्या होत्या, आणि त्यांच्या मागं उतारावर पानमळा. वडील गेले, नियम राहिला. त्यांच्या बाकीच्या शिकवणुकी मी एकेक करून धाब्यावर बसवल्या. हा एकच नियम इमानानं पाळला, आणि घरातल्या एका माणसाचं वाटोळं करायला तो एकटा पुरला.

मळा माझा नव्हता, अक्काचा होता. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला तलकाडला दिली होती. तिथं नदीकाठची वाळू देवळांवर चढून बसली आहे, आणि वारा सुटला की ती घराघरांतून फिरते. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तिचा नवरा तापानं गेला. मूल नव्हतं. पुढं चार वर्षं ती दिराच्या घरी राबली. आंबलीत वाळू लागली की जाऊ वाऱ्याला बोल लावत नसे, अक्काला लावी. वडील एकदा तिला भेटायला गेले आणि तिचे मनगटाची हाडं दिसणारे हात बघून त्याच गाडीनं तिला घेऊन आले. मळ्यातल्या विहिरीपाशी उभं राहून त्यांनी तिला सांगितलं, "हा मळा तुझा. मळा आहे तोवर तू कुणाच्या ताटाखालचं मांजर नाहीस."

अक्कानं ते शब्द मनात कोरून ठेवले. त्यातला पहिला अर्धा भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला. तिच्या मात्र दुसरा राहिला. मला ती अधूनमधून म्हणायची, "मळा बसला तर फुकटचं जेवत मी इथं राहायची नाही हं, तम्मा. त्यापेक्षा तलकाडला जाईन." तम्मा म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ, तिनं मला कधी नावानं हाक मारली नाही. मी हसण्यावारी न्यायचो. पण तिचा दीर हसण्यावारी नेत नसे. दर दसऱ्याला तो मिरवणूक बघायला म्हणून यायचा, दोन दिवस आमच्याकडे जेवायचा, आणि जाण्याआधी मळ्यातून एक फेरी मारायचा. सौदा करायला आलेला माणूस बैलाचे दात बघतो तसा तो वेल बघायचा. मग विचारायचा, "मळा बरा आहे ना?" त्याच्या घरात पाच मुलं होती आणि बायकोचं कंबरडं धरलेलं होतं. तो काय विचारतोय ते आम्हां सगळ्यांना कळायचं.

मळा तेव्हा बराच होता. बरा कसला, दृष्ट लागण्यासारखा. हादग्याच्या आणि शेवरीच्या झाडांवर वेल चढवलेले, केळीच्या वाळक्या सोपटांनी बांधलेले. आत शिरलं की भर दुपारी गारवा. वहाणा घालून आत जायचं नाही, हा अक्काचा दंडक. अंगठ्याला पत्र्याचं नख लावून ती पान खुडायची तो टक टक आवाज भट्टीपर्यंत ऐकू यायचा. आमच्या जातीत कुठलंही लग्न असो, मांडवातला पहिला विडा अक्काच्या मळ्यातल्या पानाचा असे. विधवेच्या हातची बाकी कुठलीच गोष्ट मांडवात चालत नव्हती. पान तेवढं चालायचं. या शहाणपणावर मी पूर्वी हसायचो. आता हसू येत नाही.

वडील गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मी विलायती रंग आणले. मी स्वतःला दीडशहाणा नव्हे, चांगला दोन शहाण्यांएवढा समजत होतो. मंजिष्ठाचा लाल बसवायला आठवडे लागायचे: तेल, शेण, हिरडा, तुरटी, धुणं, वाळवणं, पुन्हा धुणं. पुडीतल्या लालाला एक प्रहर पुरायचा. पुडी पाण्यात सोडायची, कापड घालायचं, उकळी आणायची आणि मग मीठ टाकायचं. चिमूटभर नव्हे, शेरांनी मापून. मीठ पडलं की रंग पाण्याला सोडतो आणि कापडाला धरतो. डोळ्यांदेखत कढई फिकी होत जाते आणि कापड लालबुंद होतं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी लहान मुलासारखा टाळ्या पिटणं तेवढं बाकी ठेवलं होतं. कढईत उरलेलं पाणी इतकं फिकट असायचं की मला वाटलं, हे तर जुन्या पाण्यापेक्षा स्वच्छ. रंग कुठं गेला ते मला दिसत होतं. मीठ कुठं गेलं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

पाणी पाटानं मळ्यात जात राहिलं.

पाटाच्या तोंडाशी, विहिरीच्या कडेला आमचे चार माड होते. त्या वर्षी ते असे लागले की माडावर चढणारा माणूस म्हणाला, "रायरे, काय घालता हो यांना?" आमच्याकडे माड लावताना खड्ड्यात मीठ घालतातच, त्यामुळं मला ते नवल वाटलं नाही, उलट छाती फुगली. रंगाच्या पाण्यात लक्ष्मी आहे, वडील सांगत होते ते खरं, असं मी येईल त्याला ऐकवू लागलो. माड दाखवायला लोकांना मुद्दाम मागं नेत होतो. माझी मान वर होती म्हणून खाली काय चाललंय ते मला दिसलं नाही.

ते अक्काला दिसलं. एका सकाळी ती ओंजळीत पानं घेऊन भट्टीपाशी आली. पानं पोपटी होती, मऊ होती, पण प्रत्येकाचं टोक आणि कडा तपकिरी. दिव्याच्या ज्योतीवरून कुणी कडेकडेनं फिरवल्यासारखी. "नोड, तम्मा," ती म्हणाली. "बघ हे. पाटाजवळच्या सगळ्या वेलांचं असंच झालंय."

"तहान लागलीय त्यांना," मी म्हणालो. "ऊन केवढं पडलंय. पाणी वाढव."

तिनं वाढवलं. कुठलं पाणी वाढवलं ते सांगायला नको. पानमळ्याला पाणी कमी चालत नाही, आणि आमच्याकडे आयतं पाणी एकच होतं.

पुढच्या उन्हाळ्यात वरंब्यांवर पांढरी पापुद्री धरू लागली. अक्का ती सकाळी हातानं झाडून काढायची आणि दुपारपर्यंत ती पुन्हा यायची. मी म्हणालो, चुनखडीचा अंश असेल. मग शेजारच्या गाई यायला लागल्या. कुंपण मोडून आत शिरायच्या, पण वेलाला तोंड लावायच्या नाहीत. वरंब्याची माती चाटत उभ्या राहायच्या. हाकलल्या तरी परत यायच्या. भट्टीवर काम करताना मला त्यांच्या जिभेचा खरखर आवाज यायचा आणि का कोण जाणे, अंगावर काटा यायचा. जनावराला कळतं ते माणसाला उशिरा कळतं म्हणतात. मला कळून घ्यायचंच नव्हतं.

पाटातले बेडूक नाहीसे झाले. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना, माझी बायको चुलीपाशी वैतागून म्हणायची, "अहो, या पाण्याला झालंय तरी काय?" आणि पिण्याचं पाणी ती रस्त्यापलीकडच्या विहिरीवरून आणू लागली. तिनं एका मंगळवारी मीठ-मोहऱ्या घेऊन मळ्याची दृष्ट काढली, चारी कोपऱ्यांत ओवाळलं. मोहऱ्या तडतडल्या तेव्हा अक्काला जरा बरं वाटलं. करपणं मात्र पाटापासून एकेक ओळ वर सरकत होतं. अक्का रोज संध्याकाळी उभी राहून ओळी मोजायची. मला काही बोलायची नाही, फक्त जेवायला बसली की विचारायची, "दसऱ्याला किती दिवस राहिले रे?" ती मिरवणुकीची वाट बघत नव्हती, हे न कळण्याइतका मी मठ्ठ नव्हतो.

माघात आमच्याच नात्यात एक लग्न होतं. अक्कानं वरच्या ओळींमधली निवडून निवडून पानांची कवळी बांधून पाठवली. दुपारी मुलीचा बाप स्वतः ती परत घेऊन आला. बिचारा भला माणूस. ओशाळून ओसरीच्या खालीच उभा राहिला. "ताई, राग मानू नका," तो म्हणाला. "कडा जळलेलं पान मांडवात कसं चालेल? बायका कुजबुजायला लागल्या. बाजारातून आणलं आम्ही." त्यानं कवळी ओट्यावर ठेवली आणि तो गेला.

अक्कानं कवळी सोडली. मग तिनं एक पान उचललं, पदरानं पुसलं आणि तोंडात घातलं. माझी बायको दचकून "अगबाई" म्हणाली. अक्का विधवा झाल्यापासून, म्हणजे पंधरा-सोळा वर्षं, तिच्या तोंडाला पान लागलं नव्हतं. हजारो पानं तिनं खुडली होती, पण चव कशी असते ते ती विसरून गेली असणार. तिनं ते सावकाश चावलं. तिखट लागल्यावर डोळ्यांत पाणी येतं तसं आलं. मग ती उठली, मोरीत थुंकली आणि म्हणाली, "उप्पु. खारं लागतंय, तम्मा. पानात मीठ आहे."

मला त्या क्षणी सगळं कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. मी म्हणालो, "असं कसं होईल? बघतो तपासून."

त्या दिवसांत शेतकी खात्यातला एक रसायनतज्ज्ञ येलवालच्या बाजूला तंबाखूच्या मातीची तपासणी करत होता. युगादी झाल्यावर मी एका बाटलीत विहिरीचं पाणी, फडक्यात वरंब्याची माती आणि करपलेली पानं घेऊन त्याच्या मुक्कामावर गेलो. वयानं माझ्याएवढाच, कन्नड बोलणारा, बोटांवर काळे डाग पडलेला माणूस. त्यानं तीन काचेच्या नळ्या मांडल्या. एकीत पावसाचं साठवलेलं पाणी घातलं, दुसरीत गावच्या तळ्याचं, तिसरीत आमचं. मग एका गडद बाटलीतून प्रत्येकीत दोन दोन थेंब टाकले. ते चांदीचं पाणी आहे, असं त्यानं सांगितलं. पावसाचं पाणी होतं तसंच राहिलं. तळ्याच्या पाण्यात धुरकट रेघ उठली. आमच्या नळीत नासलेल्या दुधासारखा दाट पांढरा साका झाला आणि भराभर खाली बसत गेला.

"तुम्ही यात मीठ टाकता?" त्यानं विचारलं. मी रंगाची हकीकत सांगितली.

मग त्यानं मला समजावून सांगितलं, आणि इतकं सोपं करून सांगितलं की न कळण्याची सोयच ठेवली नाही. "मिठाचे दोन वाटे असतात," तो म्हणाला. "एक मातीला चिकटतो आणि तिला चिवट, घट्ट करतो. दुसरा क्लोराइड. याला माती धरून ठेवत नाही. पाणी जाईल तिकडं तो जातो. पाणी मुळात शिरलं की हाही शिरतो, वेलातून चढतो, पानात पोचतो. पाणी पानातून उडून जातं, हा मागं राहतो. टोक आणि कडा म्हणजे रस्त्याचा शेवट. तिथं साठत जातो आणि पान तिथून मरतं. तंबाखूत हाच जास्त झाला तर पान वाळल्यावरही ओलसर राहतं आणि विडी विझते. इथले शेतकरी तीच तक्रार घेऊन येतात."

"पण आमचे माड?" मी विचारलं. तेवढ्यातही मला माड सुचले.

"माडाला तो मानवतो. समुद्रकाठचं झाड ते. तुमच्या वेलाला नाही मानवत. माडाच्या तब्येतीवरून वेलाची नाडी बघितलीत तुम्ही."

मग त्यानं काय करायचं ते सांगितलं. रंगाचं पाणी आजपासून मळ्यात बंद. विहीर त्याच उताराच्या तळाशी आहे, तेव्हा तिचं पाणीही बंद. तेच मीठ तुम्ही पुन्हा पुन्हा उपसून घालताय. वरच्या टोकाचे जे वेल अजून हिरवे आहेत त्यांची कांडी तोडून महिन्याच्या आत दुसऱ्या कुणाच्या स्वच्छ जमिनीत लावा. पुढं दोन-तीन चांगले पावसाळे गेले आणि पाण्याला वाट करून दिली तर ही जमीनही धुऊन निघेल. "आणि एक लक्षात ठेवा, स्वामी," तो म्हणाला, "यंदा उतरण करू नका. त्या मातीत वेल पुरलात तर तो परत येणार नाही."

उतरण म्हणजे वर्षाकाठी वेल खाली उतरवून, त्याच्या जुन्या देठाचं वेटोळं करून बुडाशी मातीत पुरायचं आणि शेंडा तेवढा वर ठेवायचा. त्यातून नवी मुळं फुटतात, वेल पुन्हा तरुण होतो. पानमळ्यातलं ते वर्षाचं मोठं काम. अक्का त्या महिन्यात त्याचीच तयारी करत होती.

मी निघायला उठलो तेव्हा खिडकीतल्या उन्हात ठेवलेली ती नळी माझ्या नजरेस पडली. पांढरा साका आता जांभळट करडा झाला होता. "उजेडानं होतं तसं," तो म्हणाला. मी जन्माचा रंगारी. असा रंग मी कुठल्याच कढईत पाहिला नव्हता. त्या रंगाची मला भीती वाटली, हे खरं सांगतो.

परतीच्या वाटेवर टांग्यात बसून मी स्वतःशी जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण ते वगळून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. दसऱ्याचं काम हातात होतं: पागोट्यांचं लाल, निशाणांचं लाल, झालरींचं लाल. युगादीपासून पावसाळा संपेपर्यंत भट्ट्या थंड होत नसत. पाणी मळ्यात बंद केलं तर टाकायचं कुठं? लांब खड्डा खणावा लागेल, माणसं लावावी लागतील, काम मागं पडेल. एवढा दसरा होऊ दे, मग बघू. ही झाली एक सबब, आणि ती खोटी नव्हती. पण सगळ्यात खाली जे होतं ते वेगळंच. मला अक्कासमोर जाऊन म्हणायचं नव्हतं की, तुझा मळा मी जाळला. मी, ज्यानं वडिलांच्या मंजिष्ठाला नावं ठेवली. माझ्या रंगानं, माझ्या मिठानं, माझ्या "पाणी वाढव"नं.

अक्का दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

"पाण्यात काही नाही म्हणाले," मी सांगितलं. "वेल म्हातारे झालेत. उतरण खोल कर, आणि एकही वेल सोडू नकोस."

शेवटचं वाक्य मी का जोडलं ते मला आजवर उमगलेलं नाही. खोटं बोलताना माणूस नीट बोलायला जातो, त्यातलाच प्रकार असावा.

तिचा चेहरा उजळला. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "मला वाटलं, मिठाचं काही असेल. मी सुम्ने, उगाच घाबरले. तू जाऊन आलास ते बरं केलंस, तम्मा." आणि तिनं मला जेवायला वाढलं.

चार दिवस ती आणि दोन बायका उतरण करत होत्या. मीही मदतीला गेलो, म्हणजे बघा. हादग्यावरून वेल सोडवायचे, एकाच्या हातात शेंडा द्यायचा, दुसऱ्यानं देठाचं वेटोळं करायचं. अक्का वेटोळं मातीत ठेवायची, वर तळ्याचा गाळ दाबायची आणि तळव्यानं थोपटायची. पाटाजवळचे झाले, मधले झाले. वरच्या टोकाला अकरा वेल होते, हिरवेगार, एकाच्याही कडेला डाग नाही. तिथं आल्यावर ती थबकली. "हे यंदा राहू देत का?" तिनं विचारलं. "चांगले आहेत."

मिठाची गुळणी धरली म्हणतात ना, तसं माझं झालं. हो म्हटलं असतं तर तिनं का म्हणून विचारलं असतं. मी म्हणालो, "सगळे करा म्हणालेत ते." आणि शेंडा हातात धरून उभा राहिलो.

पाणी चालू होतं. ज्येष्ठात शेंडे माना टाकू लागले. आषाढात बुडाशी कुजका वास सुटला; अक्कानं एक वेटोळं उकरलं तर ते हातात चिखलासारखं आलं, मूळ एकही नव्हतं. त्या वर्षी पाऊसही ओढ देऊन बसला. श्रावण संपला तेव्हा हादग्याच्या झाडांनीही पानं टाकली आणि मळ्याच्या जागी नुसत्या काठ्या उभ्या राहिल्या. आता आत गारवा नव्हता. खुडायला काही नव्हतं, तरी ती रोज सकाळी अंगठ्याला पत्र्याचं नख लावून आत जायची आणि थोड्या वेळानं तसंच काढून ठेवायची. मला वाटायचं, तिनं एकदा माझ्यावर ओरडावं. ती स्वतःलाच दोष देत होती. "माझ्याच हाताला काही झालं," ती माझ्या बायकोला म्हणाली. मी ते ऐकलं आणि भट्टीवर निघून गेलो.

दसऱ्याला दीर आला. आल्याआल्या तो मागं गेला. परत येऊन त्यानं पाय धुतले, तो जेवायला बसला आणि या वेळी त्यानं काही विचारलं नाही. त्याला विचारायची गरज उरली नव्हती. माझ्या बायकोनं वाढलेलं तो पोटभर जेवला.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी तो रसायनवालाही दारात उभा राहिला. दसऱ्याच्या प्रदर्शनात त्याच्या खात्याचा मांडव होता; तिथून वेळ काढून तो मुद्दाम चालत आला होता. कांडी लागली की नाही ते बघायला. मी माल पोचवायला गेलो होतो. परत आलो तेव्हा तो आणि अक्का मळ्यात त्या काठ्यांमध्ये उभे होते. तो कन्नडात म्हणत होता, "पण मी तर यांना सांगितलं होतं. उतरण करू नका, वरच्या वेलांची कांडी काढा, मिठाचं पाणी बंद करा. युगादीच्या वेळीच सांगितलं होतं." मी दिसलो तसा तो थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं, अक्काकडे बघितलं, हात जोडले आणि तो निघून गेला. सगळं त्याच्या ध्यानात आलं होतं.

अक्का माझ्याकडे वळली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "साकु," ती म्हणाली. "पुरे." आणि घरात गेली.

मिरवणूक झाली. सगळं शहर आम्ही रंगवलेल्या लालानं फुललं होतं, आणि माझ्या पाठीवर थाप मारणारे कमी नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात दिराची गाडी जुंपलेली होती आणि अक्काचं बोचकं आत ठेवलेलं होतं. माझी बायको तिच्या गळ्यात पडून रडत होती. दीर पुढं बसून कासरा चाचपत होता.

मी गाडीशी गेलो. माझं धाडस कुठून आलं कोण जाणे, पण मी म्हणालो, "अक्का, जाऊ नकोस. मळा गेला म्हणून काय झालं? घर तुझं आहे. तुला कुणी फुकटचं जेवतेस म्हणणार नाही."

"मळ्यासाठी नाही चालले मी," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता. "मीठ तू अजाणता घातलंस. ते कुणाच्याही हातून झालं असतं, त्याचा राग नाही मला. पण वरचे अकरा वेल जिवंत होते. तू एक शब्द बोलला असतास तर त्यांची कांडी तोडून मी कुणाच्याही परसात लावली असती, आज ती कमरेला आली असती. मी विचारलं होतं तुला, हे राहू देत का म्हणून. शेंडा तुझ्या हातात होता."

मी गाडीपासून दोन पावलं मागं सरलो.

"तलकाडला ते मला वाईट वागवतात, पण खोटं सांगत नाहीत," ती म्हणाली, आणि दिराला म्हणाली, "हाका."

गाडी नंजनगूडच्या रस्त्याला लागेपर्यंत बायको दारात उभी होती. मला उभं राहवलं नाही. मी आत गेलो, कुदळ घेतली आणि पाट बुजवला. तासाभराचंही काम नव्हतं ते.